इंधनबचत आणि सुखसोयी: मोटारीतील नव्या सुविधांचे मोल

मोटार घेणाऱ्या ग्राहकासमोर आज किमतीबरोबरच सुविधांची लांबलचक यादी ठेवली जाते. सिग्नलवर आपोआप बंद होणारे इंजिन, पेट्रोलला विजेची जोड देणारी हायब्रिड यंत्रणा, क्लचविना चालणारी गिअरपेटी, वेग स्वतःहून राखणारे क्रूझ कंट्रोल आणि छतातील काचेची खिडकी यांपैकी काही सुविधा इंधन वाचावे म्हणून, तर काही प्रवास सुखाचा व्हावा म्हणून दिलेल्या असतात, आणि प्रत्येक सुविधेमागे गाडीची किंमत काही हजारांपासून काही लाखांपर्यंत वाढत जाते. हा वाढीव खर्च सार्थकी लागतो का, याचे सरसकट उत्तर देता येत नाही, कारण इंधन वाचवणारी प्रत्येक यंत्रणा ही ऊर्जेच्या एका ठरावीक गळतीवर योजलेला उपाय असते. ज्या गाडीच्या रोजच्या वापरात ती गळती मोठी, तिथे तो उपाय किफायतशीर ठरतो. जिथे ती मुळातच नगण्य, तिथे त्याच उपायावर केलेला खर्च वाया जातो. म्हणून सुविधांची तुलना करण्यापूर्वी इंधनातील ऊर्जा नेमकी जाते कुठे, हे पाहणे आवश्यक आहे.

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. विजेच्या एका युनिटमध्ये ३.६ मेगाज्यूल धरले, तर ही ऊर्जा जवळपास नऊ युनिटांइतकी भरते. यातील दोन तृतीयांशांहून अधिक वाटा रेडिएटर आणि सायलेन्सर यांच्या वाटे उष्णतेच्या रूपाने बाहेर पडतो, काही वाटा इंजिन आणि गिअरपेटीतील घर्षणात खर्ची पडतो, आणि शहरातील रहदारीत प्रत्यक्ष चाकांपर्यंत साधारण पाचवा हिस्साच पोहोचतो. चाकांपर्यंत पोहोचलेली ऊर्जा पुढे तीन ठिकाणी खर्च होते: टायर रस्त्यावर दबून पुन्हा फुगताना जी ऊर्जा गमावतो तो लोळण-रोध, गाडीने हवा बाजूला सारताना होणारा वायुरोध, आणि ब्रेक लावताना उष्णता बनून जाणारी गतिज ऊर्जा. वायुरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेगानुसार हे चित्र पार बदलते. सुमारे १२०० किलो वजनाच्या मोटारीला सपाट रस्त्यावर ताशी ४० किलोमीटर या स्थिर वेगाने धावण्यासाठी चाकांपाशी अवघी २ किलोवॅट शक्ती पुरते, तर ताशी १०० किलोमीटरला १२ ते १३ किलोवॅट लागते. शहरातील गाडीचे इंधन मुख्यतः थांबण्यात, ब्रेक लावण्यात आणि वातानुकूलनात जाते, तर महामार्गावरील गाडीचे ते हवा कापण्यात जाते, हा फरक लक्षात ठेवला की पुढील बहुतेक सुविधांचे मोल ठरवणे सोपे होते.

थांबलेल्या गाडीचे इंजिन बंद करणारी ‘स्टार्ट-स्टॉप’ यंत्रणा ही यांतली सर्वांत साधी. टोयोटाने १९७०च्या दशकातच तिचा प्रयोग केला होता, आणि भारतात हीरो मोटोकॉर्पने २०१४ साली स्प्लेंडर आयस्मार्ट या मोटारसायकलीत तिचा एक प्रकार आणला, ज्यात गाडी न्यूट्रलमध्ये काही सेकंद उभी राहिली की इंजिन बंद पडते आणि क्लच दाबताच पुन्हा सुरू होते. छोट्या पेट्रोल मोटारीचे इंजिन नुसते चालू ठेवले तर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १० मिलिलिटर पेट्रोल जाते. एखादी गाडी रोज एकंदर २० मिनिटे सिग्नलवर उभी राहते आणि वर्षात ३०० दिवस चालते असे मानले, तर या थांब्यांत वर्षाला ६० लिटर पेट्रोल जळते, आणि लिटरला १०५ रुपये धरल्यास त्याची किंमत ६३०० रुपये होते. ही बचतीची कमाल मर्यादा झाली. प्रत्यक्षात मे महिन्याच्या दुपारी वातानुकूलन चालू असताना आतील तापमान राखण्यासाठी यंत्रणा इंजिन बंदच होऊ देत नाही किंवा थोड्या वेळात ते पुन्हा सुरू करते, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा उपयोग नावापुरता उरतो. शिवाय वारंवार स्टार्टर फिरवणे सोसेल अशी विशेष बॅटरी लागते, जी साध्या बॅटरीपेक्षा बरीच महाग असते. दुचाकीला वातानुकूलन नसल्यामुळे तिथे मात्र ही यंत्रणा अधिक नियमितपणे काम करते. एकूण पाहता, ही सुविधा गाडीत आधीपासून असेल तर ती बंद करून ठेवण्याचे कारण नाही, परंतु केवळ तिच्यासाठी वरचे मॉडेल घेणे परवडणारे नाही.

ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा ही याहून मोठी गळती आहे. १२०० किलो वजनाची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असताना तिच्यात सुमारे ११६ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. ब्रेक दाबून गाडी पूर्ण थांबवली की ही ऊर्जा ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपते, आणि गाडी पुन्हा त्याच वेगाला आणण्यासाठी इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तरी १४ ते १५ मिलिलिटर पेट्रोल नव्याने जाळावे लागते. हायब्रिड गाडीत ब्रेक लावताना विद्युत मोटर जनित्राचे काम करते आणि या ऊर्जेचा चांगला भाग बॅटरीत साठवते. मग सिग्नल सुटल्यावर गाडी काही अंतर विजेवरच पुढे सरकते. विजेच्या या जोडीमुळे इंजिनाच्या रचनेतही एक बदल करता येतो. जेम्स ॲटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात मांडलेल्या तत्त्वानुसार सिलिंडरमधील वायूचे प्रसरण त्याच्या संपीडनापेक्षा लांबवले, तर त्याच इंधनातून अधिक काम मिळते, मात्र कमी वेगात इंजिनाचा जोर घटतो. ही उणीव विद्युत मोटर भरून काढत असल्यामुळे हायब्रिड गाड्यांत अशी इंजिने वापरता येतात.

जपानमध्ये डिसेंबर १९९७ मध्ये विक्रीस आलेल्या टोयोटा प्रियसने ही रचना प्रथम मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आणली. भारतात २०२२ मध्ये आलेल्या मारुती सुझुकी ग्रँड व्हिटाराच्या पूर्ण हायब्रिड आवृत्तीचे प्रमाणित मायलेज लिटरला २७.९७ किलोमीटर, तर साध्या गिअरच्या आवृत्तीचे २१.११ किलोमीटर होते. ही दुसरी आवृत्तीही ‘माइल्ड हायब्रिड’ या नावाने विकली गेली. या प्रकारात पट्ट्याने जोडलेली छोटी मोटर इंजिनाला हातभार लावते, परंतु गाडी एकट्या विजेवर चालवू शकत नाही. नावातील साधर्म्यामुळे या दोन्ही यंत्रणा एकाच तोलाच्या समजणे, ही ग्राहकाची नेहमीची गल्लत असते.

पूर्ण हायब्रिडचा जमाखर्च उदाहरणादाखल असा मांडता येतो. साधी गाडी शहरात लिटरला १५ आणि हायब्रिड २२ किलोमीटर देते, पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि दोन्हींच्या किमतीत दोन लाखांचे अंतर आहे असे मानू. साध्या गाडीचा इंधनखर्च किलोमीटरला ७ रुपये आणि हायब्रिडचा सुमारे ४ रुपये ७७ पैसे येतो, म्हणजे किलोमीटरमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास वाचतात आणि जादा किंमत वसूल व्हायला जवळपास ९० हजार किलोमीटर धावावे लागते. वर्षाला १० हजार किलोमीटर चालणाऱ्या घरगुती गाडीला यासाठी नऊ वर्षे लागतील, तर वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला तीनच. कर्जावरचे व्याज धरले तर ही मुदत आणखी लांबते. तीच गाडी एका वेगाने महामार्गावर धावत असेल, तर ब्रेकच क्वचित लागत असल्यामुळे परत मिळवण्यासारखी ऊर्जा उरत नाही आणि फायदा मुख्यतः इंजिनाच्या कार्यक्षमतेपुरता राहतो.

मायलेजच्या आकड्यांची तुलना करतानाही एक फसगत होते. लिटरला २० ऐवजी २५ किलोमीटर ही वाढ १० ऐवजी १२ किलोमीटरच्या वाढीपेक्षा मोठी भासते, परंतु १००० किलोमीटरच्या प्रवासात पहिल्या वाढीने १० लिटर वाचतात आणि दुसरीने जवळपास १७. मुळात जास्त पिणाऱ्या गाडीतली छोटी सुधारणा अधिक पैसे वाचवते. त्यामुळे लिटरला किती किलोमीटर हे विचारण्यापेक्षा १०० किलोमीटरला किती लिटर हे विचारणे हिशेबाला सोयीचे पडते.

जाहिरातीतील मायलेज आणि रस्त्यावरचे मायलेज यांत तफावत का पडते, हेही याच संदर्भात समजून घ्यावे लागते. प्रमाणित आकडा पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया अर्थात एआरएआय यांसारख्या संस्थांच्या प्रयोगशाळेत काढला जातो. तिथे गाडी रोलरवर उभी करून ठरवून दिलेल्या वेगपटानुसार सुमारे २० मिनिटे चालवतात. या भारतीय वेगपटात कमाल वेग ताशी ९० किलोमीटर असतो, अनेक थांबे असतात, चढ नसतो आणि वातानुकूलन बंद असते. एकसारख्या अटींमुळे दोन गाड्यांची तुलना करायला हा आकडा उपयोगी पडतो, मात्र कोणा एकाच्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज त्यावरून बांधता येत नाही. याच पद्धतीमुळे स्टार्ट-स्टॉपसारखी यंत्रणा चाचणीत आपला पूर्ण लाभ दाखवते. भारतात प्रत्येक कंपनीने विकलेल्या मोटारींच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनावर कायदेशीर मर्यादा आहे. २०१७-१८ पासून लागू झालेली किलोमीटरला सुमारे १३० ग्रॅमची ही मर्यादा २०२२-२३ पासून ११३ ग्रॅमवर आली, आणि ती चाचणीतील आकड्यांवरच मोजली जाते. त्यामुळे ग्राहकाला जेमतेम उपयोगी पडणारी सुविधाही कंपनीला मात्र हमखास हवी असते.

काही सुधारणा याच्या नेमक्या उलट असतात. त्यांची जाहिरात फारशी होत नाही, पण त्या अखंड काम करतात. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये तेलाचा पंप इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असे आणि गाडी सरळ रेषेत जात असतानाही तो फिरत राही. १९८८ साली सुझुकी सर्वोमध्ये आलेल्या विद्युत स्टिअरिंगने हे चित्र बदलले, कारण त्यातील मोटर चाक वळवतानाच वीज घेते, आणि इंधनाची दोन-तीन टक्के बचत साधत असतानाच गाडी वळवणेही हलके होते. सुख आणि बचत परस्परविरोधी असतात हा समज किती अपुरा आहे, हे या एका उदाहरणावरून दिसते. कार्ब्युरेटरची जागा घेणाऱ्या इंधन-अंतःक्षेपण यंत्रणेचेही तसेच आहे. हवेच्या प्रमाणात मोजून इंधन फवारल्यामुळे इंधन वाचते, धूर कमी होतो आणि थंडीत गाडी चोक न ओढता सुरू होते. २०२० पासूनच्या बीएस-६ निकषांनंतर ही यंत्रणा दुचाकींतही सार्वत्रिक झाली, त्यामुळे तिच्याबाबत निवडीचा प्रश्नच उरलेला नाही.

टायरमधील हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा ही अशीच दुर्लक्षित, तरीही मोलाची सुविधा होय. हवा कमी असलेल्या टायरच्या बाजू अधिक दबतात, त्या दबण्यात ऊर्जा उष्णता बनून जाते आणि तितके इंधन जास्त लागते. दाब एक पीएसआय घटला की इंधनखर्च सुमारे ०.२ टक्क्यांनी वाढतो, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे मार्गदर्शन सांगते; म्हणजे ३३ पीएसआयचा टायर २६ वर आला तरी नुकसान दीड टक्क्याच्या आतच राहते. परंतु तीच उष्णता वेगात टायर फुटण्याचे एक प्रमुख कारण असते, आणि तापलेल्या काँक्रीटच्या रस्त्यावर सलग तासन्‌तास धावणाऱ्या गाडीत हा धोका वाढतो. अमेरिकेने टायर फुटून झालेल्या अपघातमालिकेनंतर २००० साली कायदा करून ही यंत्रणा २००७ पर्यंत सर्व नव्या मोटारींना सक्तीची केली, ती इंधनापेक्षा सुरक्षिततेसाठी. मात्र दिवा लागल्यावरही पंपावर जाऊन हवा भरली नाही, तर या यंत्रणेचा काहीच उपयोग नाही.

सुखसोयींपैकी वातानुकूलन सर्वांत जास्त ऊर्जा खाते. कडक उन्हात तापलेली गाडी थंड करताना त्याचा कॉम्प्रेसर दोन किलोवॅटच्या आसपास शक्ती सहज ओढतो, म्हणजे ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालती ठेवायला चाकांपाशी जेवढी शक्ती लागते, जवळपास तेवढीच. म्हणूनच शहरातील संथ रहदारीत वातानुकूलनाचा फटका मोठा बसतो आणि महामार्गावर तो फारसा जाणवत नाही. उलट तिथे खिडक्या उघड्या ठेवल्याने वायुरोध वाढतो. तरीही वातानुकूलनाचे मोल केवळ पेट्रोलमध्ये करणे योग्य नाही. उकाड्यात आणि गोंगाटात चालकाचे लक्ष लवकर ढळते, आणि त्याची किंमत अपघाताच्या रूपाने मोजावी लागते. केंद्र सरकारने साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू वाहनांच्या चालक-कक्षात वातानुकूलन १ ऑक्टोबर २०२५ पासून बंधनकारक केले, त्यामागे हाच विचार आहे. इंजिनाच्या धगीशेजारी दिवसाचे दहा-बारा तास बसणाऱ्या चालकाच्या बाबतीत ही चैन उरत नाही. ती कामाच्या ठिकाणची प्राथमिक गरज ठरते.

क्लचविना चालणाऱ्या गिअरपेटीकडेही याच दृष्टीने पाहता येते. पूर्वीच्या स्वयंचलित गिअरपेट्यांत इंजिनाचा जोर तेलाच्या माध्यमातून चाकांकडे जात असल्यामुळे ऊर्जा वाया जाई आणि ‘ऑटोमॅटिक गाडी ॲव्हरेज देत नाही’ हा समज रूढ झाला. मारुती सुझुकीने २०१४ मध्ये सेलेरिओत आणलेल्या एएमटी प्रकाराने तो मोडला. यात गिअरपेटी नेहमीचीच असते, फक्त क्लच दाबणे आणि गिअर बदलणे ही कामे संगणकाच्या हुकमावर चालणारी यंत्रणा करते, आणि त्यामुळे सेलेरिओच्या दोन्ही आवृत्त्यांचे प्रमाणित मायलेज सारखेच, लिटरला २३.१ किलोमीटर होते. गिअर बदलताना बसणारा हलका झटका ही या स्वस्त उपायाची मर्यादा आहे, आणि घाटातील चढावर रखडत पुढे सरकताना तिचा क्लचही झिजतो. पुणे-मुंबईच्या रहदारीत तासाभरात शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाला मिळणारा आराम मात्र खरा असतो, आणि गुडघ्याचे दुखणे असलेल्या किंवा उतारवयातील चालकासाठी गाडी चालवता येणे अथवा न येणे इतका मोठा फरक त्यातून पडतो.

क्रूझ कंट्रोलचा शोध राल्फ टीटर या अमेरिकी अभियंत्याने लावला, ज्याची दृष्टी लहानपणीच गेलेली होती. क्रायस्लर कंपनीने १९५८ मध्ये ही सुविधा प्रथम बाजारात आणली. एकसारखा वेग राखल्याने इंधन वाचते हे खरे, परंतु तो वेग कोणता यावर सारे अवलंबून असते. वर उल्लेख केलेल्या मध्यम मोटारीला ताशी १२० किलोमीटर वेगात दर किलोमीटरमागे चाकांपाशी लागणारी ऊर्जा ताशी ८० किलोमीटरच्या तुलनेत दीडपटीहून अधिक असते. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर, जिथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, ७०१ किलोमीटरचा पल्ला त्या वेगाने पावणेसहा तासांहून थोड्या अधिक वेळात आणि १०० च्या वेगाने सात तासांत पार होईल. वाचलेल्या सव्वा तासाची किंमत पेट्रोलमध्ये चुकवावी लागते, आणि हा हिशेब क्रूझ कंट्रोल करून देत नाही. शिवाय वळणे, सिग्नल आणि समोरची रहदारी नसलेल्या रस्त्यावर पायालाही काम उरले नाही, तर चालकाला डुलकी लागण्याचा धोका वाढतो. थकवा कमी करणारी सुविधा सावधपणाही कमी करू शकते, ही तिची दुसरी बाजू आहे.

छतातील काचेच्या खिडकीसारख्या सुविधा या सर्व कसोट्यांवर कमी पडतात. तिच्यामुळे गाडीच्या सर्वांत उंच भागी वजन वाढते, काचेतून आलेली उष्णता वातानुकूलनाला बाहेर काढावी लागते, आणि धावत्या गाडीत तिच्यातून मुले बाहेर डोकावू लागली की ती थेट जिवावर बेतू शकते. सर्व बटणे काढून त्यांची कामे स्पर्श-पडद्यावर नेण्याची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे, कारण बटण हाताला न पाहता सापडते, पडद्याकडे मात्र रस्त्यावरची नजर काढून पाहावे लागते. गाड्यांच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन करणाऱ्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून पूर्ण गुणांकनासाठी इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या मूलभूत कामांना प्रत्यक्ष बटणे किंवा दांडे असण्याची अपेक्षा ठेवली, ती यामुळेच.

सुविधांचा आणखी एक खर्च विक्रीच्या वेळी दिसत नाही, तो म्हणजे दुरुस्तीचा. १९८१ मध्ये कॅडिलॅकने गरजेनुसार आठाऐवजी सहा किंवा चारच सिलिंडर चालवणारे इंजिन आणले. कल्पना योग्य होती, पण तेव्हाचे संगणक तिला पेलण्याइतके वेगवान नव्हते, त्यामुळे अनेक मालकांनी ही यंत्रणा बंदच करून घेतली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ती बहुतेक मॉडेलांतून काढून टाकली. सिलिंडर बंद ठेवण्याचे तेच तंत्र आज अनेक गाड्यांत विनातक्रार चालते. नवी यंत्रणा परिपक्व व्हायला काही वर्षे लागतात, आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या ग्राहकासाठी ती दुरुस्त करणारा कारागीर जवळपास आहे का, हा प्रश्न मायलेजइतकाच महत्त्वाचा असतो.

समाजाच्या पातळीवर या बचतीचे काय होते, याचे विवेचन ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाच्या संदर्भात केले होते. वाफेची इंजिने कार्यक्षम झाली, तसा कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला, कारण स्वस्त पडू लागलेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली गेली. मोटारींतही इंजिने सुधारली, परंतु त्याबरोबर गाड्या उंच, रुंद आणि जड होत गेल्या आणि सुधारणेचा बराचसा लाभ हे वजन ओढण्यातच खर्ची पडला. हायब्रिड यंत्रणा बसवलेली अवजड एसयूव्ही आणि तिच्याविना धावणारी लहान हॅचबॅक यांत कमी इंधन कोण घेते, हे पाहताना यंत्रणेच्या नावापेक्षा गाडीचे आकारमान अनेकदा अधिक सांगून जाते.

या साऱ्या विवेचनातून सुविधांची एक प्रतवारी हाती येते. विद्युत स्टिअरिंग, टायरच्या दाबाची सूचना किंवा वातानुकूलन यांसारख्या ज्या सुविधा जवळपास प्रत्येक प्रवासात उपयोगी पडतात आणि बचत साधतात किंवा सुरक्षितता वा आरोग्य जपतात, त्यांच्यासाठी पैसे मोजणे सर्वांनाच योग्य ठरते. हायब्रिड यंत्रणा, स्वयंचलित गिअरपेटी आणि क्रूझ कंट्रोल यांचे मोल वापरावर अवलंबून असते. वर्षाकाठचे किलोमीटर, त्यांतील शहर आणि महामार्ग यांचे प्रमाण आणि चालकाचे शरीरमान या तीन गोष्टी कागदावर मांडल्या की त्यांचा निर्णय करता येतो. प्रामुख्याने दिखाव्यासाठी असलेल्या सुविधा हौस म्हणून घ्यायला हरकत नाही, मात्र त्यांना गुंतवणूक समजू नये. आणि वेग आवरणे, पुढची रहदारी पाहून वेळीच पाय उचलणे व टायरमधील हवा तपासणे हे तीन उपाय कोणत्याही यादीत छापलेले नसले, तरी त्यांच्यासाठी गाडीच्या किमतीत एक रुपयाही वाढत नाही आणि त्यांचा लाभ सर्वांत जुन्या गाडीलाही पहिल्या दिवसापासून मिळतो; त्यामुळे नव्या सुविधेवर पैसे खर्च करण्यापूर्वी या उपायांनी किती इंधन वाचते, हे पाहणे शहाणपणाचे ठरते.